मदत हवी आहे : विधवा शेजारणीला बालसंगोपन योजनेचा लाभ कसा मिळेल?

नमस्कार मंडळी,

आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान गेल्या वर्षी अचानक गेले. पदरात दोन शाळकरी मुलं. वहिनी घरी ब्लाऊज शिवतात, फॉल-बिडिंग करतात. सणासुदीला बरं चालतं, पावसाळ्यात मशीन नुसती झाकून असते. त्यात आजारपणात काढलेलं महिला गटाचं कर्ज आहे. दर आठवड्याला हप्त्याचा माणूस दारात, आणि त्याआधी उसनवारी सुरू.

लाडकी बहीणचे 1500 रुपये त्यांना मिळतात. संजय गांधी निराधार योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं किंवा वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. शिलाई करणाऱ्या बाईचंही त्याहून जास्तच भरतं! ही मर्यादा मला अन्यायाचीच वाटते. शिवाय त्यातूनही 1500च मिळतात आणि दोन्ही एकदम घेता येत नाहीत.

म्हणून खरी आशा बालसंगोपन योजनेवर आहे. एक पालक गमावलेल्या मुलाला महिना 2250 रुपये, म्हणजे दोघांची शाळा, वह्या, रिक्षा सुटेल. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, पुढे बालकल्याण समितीसमोर, एवढं कळलंय.

कुणी हे काम करून घेतलंय का? अर्जानंतर घरी चौकशीला येतात, त्या गृहभेटीत काय विचारतात? मुलांचं बँक खातं आधीच उघडावं का? आणि बचत गटातून बँकेचं कर्ज काढून हा आठवड्याचा हप्ता कुणी मिटवला असेल तर तेही नक्की सांगा. कागदपत्रं जमवायला मी सोबत जाणार आहे.