टचपॅड आपल्या बोटांना वळवायचा की बोटं टचपॅडला?

कर्सरवाला:
माझं मत स्पष्ट आहे, टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे पॅड चालवणारं सॉफ्टवेअर, ज्याच्या त्याच्या बोटांच्या सवयीप्रमाणे लावता आलाच पाहिजे. लिनक्सवर जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर होता तेव्हा सिनक्लायंट ही कमांड चालवून तिथल्या तिथे आकडे बदलता यायचे, बोट किती दाबलं की टेकलं म्हणायचं आणि किती हलकं झालं की उचललं म्हणायचं हे फिंगरहाय आणि फिंगरलो या दोन सेटिंगवर ठरायचं. माझा अंगठा कायम पॅडच्या खालच्या कडेला टेकलेला असतो, वर्षानुवर्षांची सवय आहे, तर एरियाबॉटमएज या सेटिंगला एक आकडा दिला की त्या रेषेखालचा स्पर्श ड्रायव्हर हिशेबातच घ्यायचा नाही. विषय संपला. आता त्याच्या जागी आलेल्या लिबइनपुटच्या सेटिंगमध्ये यातलं काही नाही, अंगठा कुठला आणि बोट कुठलं हे तोच ठरवतो. बोटं माझी आहेत तर ठरवायचं मी.

साधा_डिफॉल्ट:
अजिबात पटलं नाही. ते आकडे मलाही आठवतात आणि त्यांचा ताप पण आठवतो. प्रत्येक पॅडची दाब मोजायची पट्टी वेगळी, त्यामुळे एका लॅपटॉपवर मस्त चालणारी कॉन्फिग (सेटिंगची फाइल) दुसऱ्यावर टाकली की कर्सर एक तर चिकटून बसायचा नाहीतर नुसता थरथरायचा, आणि लोक कुणाचीतरी कॉन्फिग जशीच्या तशी उचलून ड्रायव्हरच्या नावाने ओरडायचे. लिबइनपुटचे मेंटेनर पीटर हटरर यांनी यावर सविस्तर लिहिलंय, मुद्दा एवढाच की पर्याय वाढवला की तपासायच्या जोड्या दुप्पट होतात. चालू-बंद असे 10 पर्याय म्हणजे 1024 जोड्या, कोण तपासणार? आणि सवयीचं म्हणाल तर ॲपलने 2011 मध्ये मॅकच्या लायन या आवृत्तीसोबत स्क्रोलची दिशा उलटी केली तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता, आज कित्येकांना तीच दिशा अंगवळणी पडलीय.

कीबोर्डकर:
मी दिवसभर टाइप करतो म्हणून थोडं बोलतो. टाइप करताना डाव्या अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग पॅडच्या वरच्या कोपऱ्याला घासतो, कर्सर दोन ओळी वर उडतो आणि अर्धा शब्द भलत्याच वाक्यात जाऊन पडतो, हे ज्याचं झालंय त्यालाच कळेल. लिबइनपुट टाइप करताना पॅड थोडा वेळ बंद ठेवतो आणि ते आधीपासून चालूच असतं, मला त्यात एकही आकडा घालावा लागला नाही. पण हेच एका हाताने की दाबून दुसऱ्या हाताने पॅडवर गेम खेळणाऱ्याला चालू ठेवून बघू दे, वैतागेल. म्हणून बंद करायचं बटण हवं, पण आकड्यांची जंत्री नको.

डावखुरा:
इथे सगळे सवय सवय करताय, पण सगळंच सवयीचं नसतं. माझी मधली दोन बोटं आखडतात, दोन बोटांनी स्क्रोल करायचं म्हणजे ती एकाच वेळी सपाट टेकवायची, ते होत नाही. मला कडेने एका बोटाने स्क्रोल लागतो. लिबइनपुटमध्ये तो आहे, नाही असं नाही, पण एका वेळी एकच पद्धत निवडता येते, सिनॅप्टिक्समध्ये दोन्ही एकत्र चालायच्या. घरात तोच लॅपटॉप दुसरं कुणी वापरलं की दर वेळी सेटिंगमध्ये जा. ड्रॅग लॉक मात्र खरंच उपयोगाचा आहे, ओढताना बोट उचललं तरी वस्तू लगेच सुटत नाही, ज्यांचं बोट पॅडच्या टोकापर्यंत जात नाही त्यांनी तो चालू करून बघाच.

साधा_डिफॉल्ट:
तुमचं म्हणणं मान्य, शरीराची अडचण असेल तर तिथे पर्याय हवाच, वाद नाही. माझा विरोध आवडीपायी आकडे मागण्याला आहे. आणि कर्सरवाला, दाबाचा आकडा बदलायचाच असेल तर क्वर्क्स फाइल आहे की, एकेका मॉडेलचे खास आकडे ठेवायची, लिबइनपुटच्या मेजर कमांडने आपला दाब मोजायचा आणि लोकल ओव्हरराइड्स या आपल्या क्वर्क्स फाइलमध्ये टाकायचा.

कर्सरवाला:
ती फाइल मी वापरतो. पण त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की हे युजरने सेटिंग करायची जागा नाही, आज चालणारी ओळ उद्या चालेलच याची हमी नाही. वर वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या डिस्प्ले पद्धतीत, कुठला पर्याय दाखवायचा ते कंपोझिटर, म्हणजे डेस्कटॉपवर खिडक्या मांडणारा प्रोग्राम, ठरवतो, म्हणजे लिबइनपुटमध्ये सोय असूनसुद्धा डेस्कटॉपवाल्यांनी ती दाखवली नाही तर मला मिळत नाही. आणि डिफॉल्ट डिफॉल्ट म्हणताय, तर बटणं असलेल्या पॅडवर टॅप केल्यावर क्लिक होणं त्यांनी मुळात बंद ठेवलंय, ते किती जण पहिल्याच दिवशी चालू करतात बघा.

साधा_डिफॉल्ट:
ते बंद ठेवलंय कारण टॅपने क्लिक होतो हे ज्याला माहीतच नाही त्याच्याकडून नको ते क्लिक होतात, आणि ज्याला हवंय तो शोधून चालू करतोच. आणि तो पर्याय एका टिकमार्कवर आहे. तुमच्या मॉडेलचा आकडा सापडला असेल तर तो लिबइनपुटवाल्यांकडे पाठवा, तोच लॅपटॉप असलेल्या सगळ्यांना आपोआप मिळेल, ड्रायव्हर तसाच सुधारतो.

कर्सरवाला:
मॉडेलचा आकडा पाठवतो, त्यात काही अडचण नाही. पण अंगठा टेकवायची सवय मॉडेलची नाही, माझी आहे, लॅपटॉप बदलला तरी ती सोबत येणार. त्यासाठी सेटिंगमध्ये खालच्या कडेची एक सरकवता येणारी रेषा द्या, दुसरं काही मागत नाही.