मदत हवी आहे: साड्यांच्या दुकानाची वेबसाइट मराठी आणि कन्नड दोन्हीत नीट कशी करावी? (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

बेळगावात शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे. मामंजींनी सुरू केलेलं, आता मी आणि दीर बघतो. शहापूर-वडगावच्या मागांवरच्या साड्या, इलकलहून येणारी इरकल, गुळेदगुड्डचा खण आणि थोडी नऊवारी असा माल असतो. खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या बायका मराठी बोलतात, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडच्या कन्नड. मामंजी गादीवर बसून एकीशी मराठीत बोलतात आणि त्याच दमात दुसरीशी कन्नडमध्ये. दोघींनाही दुकान आपलं वाटतं. वेबसाइट अशी व्हावी एवढंच मला हवं आहे, आणि तेच जमेना झालंय.

तीन वर्षांपूर्वी एकाकडून साइट करून घेतली. मजकूर सगळा इंग्रजीत आणि वर कोपऱ्यात भाषांतराचं बटण. तेव्हा आम्हाला ते फार सोयीचं वाटलं. गेल्या दिवाळीत नंदगडच्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "वहिनी, तुमच्या साइटवर काय लिवलंय ते काय कळंना झालंय बगा." मी माझ्या फोनवर मराठीचं बटण दाबून बघितलं. लाल काठाच्या साडीखाली "लाल सीमा असलेली साडी". रनिंग ब्लाउजचं, म्हणजे साडीलाच जोडून येणाऱ्या ब्लाउजच्या कापडाचं, झालं होतं "धावणारा ब्लाउज". पदराच्या जागी "पल्लू", आणि इरकल शब्द कुठेच नाही, सगळीकडे "इल्कल". बेळगावात राहून साडीच्या काठाला सीमा म्हटलेलं वाचलं आणि जिवाला लागलं. मामंजींना मी ते अजून दाखवलेलं नाही.

कन्नडचं काय झालं असेल म्हणून वडगावच्या आमच्या विणकरांना दाखवलं. ते एवढंच म्हणाले, की हे आमच्या बोलण्यातलं नाही.

मी स्वतः बी. कॉम. आहे, पण एचटीएमएल-सीएसएस शिकले आहे आणि वर्डप्रेस हाताळता येतं. म्हणून आता साइट नव्याने मीच करायची ठरवलंय. जुनी साइट उघडून आत बघितलं तेव्हा आणखी गोष्टी हाती लागल्या.

दुकानाची माहिती आणि सणांच्या पाट्या ही सगळी चित्रं आहेत. छापखान्यात श्रीलिपी आणि कन्नडचं नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर चित्र करून टाकलाय. ते चित्र फोनवर बारीक होतं, वाचता येत नाही, आणि गूगलला त्यातलं काही सापडत नाही. छापखान्याकडून मूळ फाइल मागवली, मजकूर उचलून वर्डप्रेसमध्ये टाकला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा आला.

फोटो दिराने मोबाइलवर काढलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. एका पानावर चाळीस साड्या. म्हणजे एक पान उघडायला दोनशे एमबीच्या वर. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रेंज आधीच कमी, तिथली बाई हे पान उघडणार कसं? पेजस्पीड इन्साइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनावर तपासलं तर मोबाइलसाठी सगळे आकडे लाल. मुख्य चित्र अडीच सेकंदांत दिसायला हवं असं तिथे म्हणतात. आमचं बघता बघता मीच कंटाळले.

व्हॉट्सॲपचं बटण तर तीन वर्षं बंदच होतं, हे मला परवा कळलं. लिंकमध्ये नंबरच्या आधी शून्य घातला होता. तिथे ९१ लावून सरळ नंबर लागतो, शून्य किंवा अधिकचं चिन्ह लावलं की गडबड होते. ते मी लगेच दुरुस्त केलं आणि त्याच आठवड्यात तीन मेसेज आले. तीन वर्षांत किती बायकांनी ते बटण दाबून फोन ठेवून दिला असेल, या विचाराने झोप लागली नाही.

आता प्रश्न. एकच पान ठेवून त्यावर भाषा बदलायची की मराठी, कन्नड, इंग्रजीची वेगळी पानं करायची? आलेल्या माणसाचं ठिकाण बघून साइटने आपोआप भाषा निवडावी असं दीर म्हणतो, मला ते पटत नाही; आमच्याच गल्लीत एका घरात मराठी आणि शेजारच्या घरात कन्नड आहे. भाषेच्या बटणांवर काय लिहावं आणि आधी कुठली भाषा घ्यावी? इथे भाषेवरून काय काय होऊन गेलंय ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यात शिरायचं नाही, दोन्ही गिऱ्हाइकं आमच्या घरचीच आहेत, कुणाला परकं वाटू नये एवढीच तळमळ आहे. आणि फॉन्ट कुठला वापरू? आत्ताच्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदीसारखे दिसतात, आणि मथळ्यांत अक्षरं सुटी होऊन वरची रेघ तुटते.

शेवटचं एक. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आमच्या नावावर नाही, ते त्या करून देणाऱ्याच्या खात्यात आहे. पैसे दरवर्षी आम्ही भरतो. मुदत पुढच्या महिन्यात संपते. यात काही धोका आहे का?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी डोमेनचं बघा. साइट पुन्हा उभी करता येते, नाव गेलं तर कार्डावर, पिशव्यांवर, गूगल मॅपवर छापलेलं सगळं वाया जातं. मी उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांच्या साइट करतो, तिथे हा प्रकार दर दोन-चार महिन्यांनी बघतो. बहुतेक वेळा समोरच्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याने स्वतःच्या खात्यातून घेतलं आणि तसंच राहिलं.

भांडू नका. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, तुमचं स्वतःचं खातं उघडा, त्याला फोन करून डोमेन त्या खात्यात ढकलायला सांगा. दोघांचा रजिस्ट्रार एकच असेल तर फार वेळ लागत नाही. दुसरीकडे न्यायचं असेल तर त्याच्याकडून ट्रान्सफरचा कोड घ्यावा लागेल. मालकाचं नाव बदललं की बरेच रजिस्ट्रार पुढचे ६० दिवस ट्रान्सफर अडवतात, म्हणून आधी मुदत वाढवा, मग बाकीचं. दरवर्षी पैसे भरल्याच्या पावत्या आणि बँकेच्या नोंदी एकत्र काढून ठेवा. डॉट कॉम असेल तर मुदत संपून नाव काढून टाकलं गेल्यावरही ३० दिवस परत घेता येतं, पण त्याला दंडासकट बरेच पैसे पडतात. तिथपर्यंत जाऊच देऊ नका.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

तुमच्या दिराला सांगा, ठिकाण बघून भाषा लादू नये. गूगलचं पाहणीयंत्र, म्हणजे साइट वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, बहुतेक वेळा अमेरिकेतून येतं. ठिकाण बघून पानं बदललीत तर त्याला फक्त इंग्रजी दिसेल, मराठी आणि कन्नड पानं त्याच्या गावीही नसतील. प्रत्येक भाषेचं पान वेगळं आणि त्याचा पत्ताही वेगळा ठेवा. प्रत्येक पानाच्या कोडच्या डोक्यात (हेडमध्ये) एचरेफलँग या भाषा सांगणाऱ्या खुणेने तिन्ही पानांचे पत्ते द्या, त्यात त्या पानाचा स्वतःचाही. एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं आणि दुसऱ्याने परत घेतलं नाही, तर गूगल ती जोडी धरत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं.

भाषांतराचं बटण काढून टाका. ते वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये शब्द बदलतं, त्यामुळे "इरकल साडी" असं मराठीत शोधणारीला तुमचं दुकान सापडणारच नाही. तीनशे साड्या अर्ध्यामुर्ध्या भाषेत टाकण्यापेक्षा पंचवीस साड्या पूर्ण मराठीत आणि पूर्ण कन्नडमध्ये टाका. वरचा मेनू मराठी आणि खाली साडीची माहिती इंग्रजी, असं मात्र करू नका.

बटणांवर झेंडे नकोत. प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, कन्नडचं कन्नड लिपीत. पहिल्यांदा येणाऱ्याला तिन्ही बटणं एका ओळीत, एकाच आकारात दिसू द्या, आणि एकदा निवडलं की पुढच्या वेळी तेच लक्षात ठेवा. आधी कोण, हा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

अक्षरांचं. पानाची भाषा सांगणाऱ्या लँग या खुणेत तुमच्याकडे अजून इंग्रजीच असणार. मराठी पानाला एमआर हा मराठीचा कोड लावा आणि मराठी रूपं ज्यात घातली आहेत असा फॉन्ट घ्या. टिरो देवनागरी मराठी तसाच केलेला आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. मथळ्यांची रेघ तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे, म्हणजे अक्षरांमध्ये वाढवलेल्या अंतरामुळे. इंग्रजी मथळ्यांसाठी ठेवलेली ती ओळ देवनागरीवरून काढा, रेघ जुळेल. ओळींची उंची दीडपटीच्या वर ठेवा. कन्नडमध्ये अक्षराखाली ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, येतं, कमी उंचीत ते खालून कापलं जातं.

श्रीलिपी-नुडीच्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे वेबवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत, बदलणारी साधनं मिळतात, पण नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं हमखास फसतात. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये काढा, दीडशे-दोनशे केबीत काठाची वीण नीट दिसते. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (तिथवर सरकल्यावरच फोटो उघडणं) लावा, पहिल्याला लावू नका. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची लिहा, नाहीतर वाचता वाचता पान उड्या मारतं आणि बोट भलत्याच साडीवर पडतं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी फोन केला. तो भला माणूस निघाला, म्हणाला, "वहिनी, मी विसरूनच गेलो होतो." काल डोमेन आमच्या खात्यात आलं, मुदतही वाढवली.

रविवारी मामंजींना घेऊन वडगावला विणकरांच्या घरी गेले. मागाजवळ बसून वहीत दोन रकाने केले. मराठी काठ, कन्नड अंचू. पदर, सेरगू. इरकलीच्या काठांची गोमी, चिक्की परास, गायत्री ही नावं दोन्हीकडे तशीच राहू द्यायची, पदराचं टोप तेनीही तसंच, असं दोघांनी मिळून ठरवलं. मामंजी एक शब्द सांगायचे, ते मान डोलवायचे किंवा हातातला धोटा थांबवून दुसरा सांगायचे. दोन तासांत बेचाळीस शब्द झाले. साइटवरचं "लाल सीमा" मी त्या दिवशी मामंजींना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, वही ओढून घेतली आणि पहिल्या ओळीत स्वतःच्या हाताने "लाल काठ" लिहिलं.

पहिल्या अकरा साड्या मराठीत चढवल्या आहेत. एकच अडलंय: पानाच्या पत्त्यातही "इरकल-साडी" देवनागरीत लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद, कोल्हापूरहून

चालतं, गूगललाही कळतं. पण तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते आणि बायकांना वाटतं काहीतरी फसवाफसवीची लिंक आहे. तुमची निम्मी विक्री व्हॉट्सॲपवरून होणार, म्हणून पत्ता साध्या रोमन अक्षरांत ठेवा. मथळा, साडीचं नाव आणि फोटोचा ऑल्ट मजकूर (फोटोचं शब्दांतलं वर्णन) मात्र अस्सल मराठीत. आणि त्या वहीचा फोटो काढून जपून ठेवा ताई, पुढच्या साड्यांना तीच लागणार आहे.