पातळ पिक टकटकतं, जाड पिक अडकतं. मधलं म्हणजे नेमकं कोणतं?

पोचट_कॉर्ड

गिटार शिकायला लागून आठ महिने झाले. अकूस्टिकच, स्टीलच्या तारा, 12 चा संच (म्हणजे सगळ्यांत पातळ तार 0.012 इंचाची). सोलो वगैरे काही नाही, मी गाते आणि मागे कॉर्ड वाजवते, एवढंच. पहिले सहा महिने अंगठ्यावरच भागवलं. मग वाटलं आता पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी पट्टी, घ्यावं, आणि तेव्हापासून घरात पिकांचं पीक आलंय. अकरा झालीत. एकही धड नाही.

त्रास असा की एक पातळ नायलॉनचं आहे, त्यावर 0.46 लिहिलंय, म्हणजे जाडी मिलिमीटरमध्ये. ते हाताला सोपं जातं, कुठे अडत नाही, पण दर फटक्याला टकटक, टकटक. लहानपणी सायकलच्या चाकात पत्ता अडकवून पळवायचो ना, तसा आवाज. गाणं संथ असेल तर कॉर्डच्या आधी ती टकटकच कानावर येते.

दुसरं आहे 1.14 चं. त्याने आवाज भरदार येतो, खर्जाची तार तर पोटाला जाणवते. पण खाली येताना एखाद्या तारेला ठेचकाळतं, आणि वर जाताना तर हमखास. शिवाय बोटांत फिरतं. एक कडवं होईतो टोक भलतीकडेच वळलेलं असतं. परवा सुटून थेट साउंडहोलमध्ये, गिटारच्या मधल्या गोल भोकात, गेलं. पंधरा मिनिटं गिटार डोक्यावर उलटी धरून हलवत होते. मुलगा दारात उभा राहून बघत होता, बोलला काहीच नाही.

सगळे सांगतात, "मधलं घ्या." मधलं म्हणजे किती? आणि जाडी सोडून अजून काही बघायचं असतं का?

खर्जातला

मधलं म्हणजे ढोबळमानाने 0.60 ते 0.80. गाण्याच्या साथीला 0.73 ने सुरुवात करा, उत्तर संपलं. पण ते आणूनही अडखळणं थांबेल असं मला वाटत नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

पातळ पिक तारेला लागलं की आधी स्वतः वाकतं आणि मग फटकन सरळ होतं. तुमच्या हाताचा बराच जोर त्या वाकण्यातच जातो, तारेपर्यंत थोडाच पोचतो. तुमची टकटक ती हीच. जाड पिक वाकत नाही, म्हणून आवाज भरतो. पण मग ते वाकण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं, आणि ते करतात बोटं आणि मनगट. तुम्ही पडायच्या भीतीने जाड पिक करकचून धरत असणार. धरता ना? मग कुठेच लवचीकपणा उरला नाही, तार अडवणारच.

आता एक करा. ते 1.14 चं पिक दिव्याखाली तिरपं धरा. जाड तारांवर जे वेटोळं असतं त्याचे बारीक ओरखडे पिकाच्या अंगावर उमटतात. ते टोकापासून किती वर गेलेत ते पट्टीने मोजा. तेवढं पिक तुमचं तारांत बुडतंय. चार-पाच मिलिमीटरच्या वर गेले असतील तर दोष पिकाचा नाही.

धरायचं असं: तर्जनी थोडी दुमडा, तिच्या कडेवर पिक ठेवा, वरून अंगठ्याचं पेर. टोक तेवढं बाहेर. खाली जाताना टोक किंचित वर कललेलं, वर येताना किंचित खाली, भिंतीला रंग देताना ब्रश कसा मागे कलतो तसं. आणि एक गोष्ट मला कुणी दोन वर्षं सांगितली नव्हती: अपस्ट्रोकला (वर जाणाऱ्या फटक्याला) सहाच्या सहा तारा वाजवायच्या नसतात. पातळ दोन-तीन लागल्या की पुरे, तिथून हात बाहेर. तुम्ही खर्जापर्यंत ओढत नेत असाल तर अडखळणं आलंच.

बोथट_कोपरा

वरच्यांचं पकडीबद्दलचं सगळं मान्य. 0.73 बद्दल मात्र नाही. मी गेली कित्येक वर्षं 1.5 चं वाजवतोय, साथीलासुद्धा. पातळ पिकाने मोठ्याने वाजतं पण हळू वाजवता येत नाही, कारण हळू वाजवतानाही ते टकटकतंच. जाड पिक जवळजवळ न धरल्यासारखं धरलं तर कुजबुजतं. हाताला सवय लागायला महिने जातात हे खरं.

पण ताई, बारावं पिक आणण्याआधी एक फुकटचा उपाय. नेहमीच्या थेंबासारख्या पिकाला एक टोक असतं आणि वर दोन गोल खांदे. पिक वळवा आणि खांद्याने वाजवा. टोकाचा आवाज चरचरीत, स्पष्ट. खांद्याचा गोल, थोडा दबका. तारेवरून घसरतं, अडत नाही. संथ गाण्याला मी टोक वापरतच नाही. मोठी गोलसर त्रिकोणी पिकं मिळतात, तिन्ही कोपरे सारखे, त्यांचाही फायदा हाच, शिवाय हातात फिरली तरी कळत नाही!

कडही बघा. नवीन पिकाच्या कडेवर कधी कधी साच्याची बारीक धार राहते, नख फिरवलं की लागते. ती तारेला खरवडते. बारीक पॉलिश पेपरवर चार वेळा घासली की गेली.

सतारीची_नखी

जाडीचं झालं, आता साहित्याचं कुणीतरी सांगायला हवं, कारण 0.73 म्हटलं म्हणजे सगळं एकच नव्हे. नायलॉन मऊ. 0.73 चं नायलॉन त्याच जाडीच्या टॉर्टेक्सपेक्षा (हे एक कडक प्लास्टिक, खाली सांगते) सहज वाकतं. त्यामुळे तुमच्या 0.46 वर राग काढताना तो निम्मा नायलॉनवर काढा.

पूर्वी चांगली पिकं कासवाच्या कवचाची असायची, हॉक्सबिल कासवाच्या. 1970 च्या दशकात त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. बरंच झालं. सेल्युलॉइड, एक जुनं प्लास्टिक, त्याच्या बऱ्याच आधीपासून होतं; ते संगमरवरी नक्षीचं दिसतं ना, ते कवचाचीच नक्कल करत आलंय. 1981 मध्ये डनलॉप या पिक बनवणाऱ्या कंपनीने टॉर्टेक्स आणलं, तेही कवचाला पर्याय म्हणूनच, म्हणून त्याच्यावर कासवाचं चित्र. त्यात रंगावरून जाडी ओळखता येते: नारिंगी 0.60, पिवळं 0.73, हिरवं 0.88. पृष्ठभाग मॅट, पावडर लावल्यासारखा, घामातही कमी घसरतो. बोटांत फिरण्यावर तुम्हाला हे नक्की उपयोगी पडेल.

सेल्युलॉइड ओळखायची गंमत सांगते. पिक कापडावर जोरात घासा आणि लगेच नाकाशी न्या. कापराचा वास येतो, कारण ते कापूर घालूनच बनवतात. फक्त मेणबत्तीजवळ ठेवू नका, भसकन पेटतं. त्याचा आवाज मात्र मला अजूनही सगळ्यांत गोड वाटतो. झिजतं लवकर, पण झिजून आलेलं टोक नव्यापेक्षा छान वाजतं, म्हणून मी जुनी टाकत नाही.

पोचट_कॉर्ड

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितेय, कारण खरंच करून बघितलं.

@खर्जातला, ओरखडे मोजले. नऊ मिलिमीटर! मला वाटत होतं मी अगदी वरवर वाजवते. आणि हो, करकचूनच धरते. अंगठ्याच्या पेराला पिकाच्या कडेचा वळ उठलेला असतो, तो मी इतके दिवस मेहनतीची खूण समजत होते. अपस्ट्रोकला तिसऱ्या तारेशी हात बाहेर काढायला लागले तर अर्धं अडखळणं त्याच दिवशी गेलं. उरलेलं अर्धं पकड सैल केल्यावर. सैल धरलं की पिक पडेल असं वाटायचं, तर उलट घट्ट धरल्यावरच जास्त फिरत होतं. असं का होतं?

खर्जातला

घट्ट धरलं की टोकाला बसलेला सगळा धक्का पिकाला बोटांत पिळतो. सैल असलं की पिक थोडं कलून तार ओलांडतं आणि जागेवर येतं. तरी दर दोन-चार ओळींनी सगळेच पिक नीट करतात. तीस वर्षं वाजवणारेही. बघणाऱ्याला कळत नाही एवढंच.

पोचट_कॉर्ड

हे ऐकून फार बरं वाटलं.

बारावं पिक आणलंच, पिवळं 0.73. मग फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून एकच गाणं चारदा रेकॉर्ड केलं: 0.46, 0.73, 1.14 चं टोक, 1.14 चा खांदा. गंमत म्हणजे 0.46 ची टकटक रेकॉर्डिंगमध्ये निम्मीही नाही. माझा कान गिटारच्या वर असतो आणि पिक त्याच्या खालीच, त्यामुळे मलाच ती जास्त ऐकू येत होती. तरी ते आता नको. जलद गाण्यांना पिवळं, आणि संथ गाण्यांना @बोथट_कोपरा यांचा खांदा. घरी न सांगता चारही ऐकवली, तर मुलाने खांदावालं निवडलं आणि म्हणाला, "यात तू गातेयस हे कळतं."

कापराचा वास दोनच पिकांना आला. बाकीची नक्षीदार असूनही नुसती प्लास्टिकची.

आणि त्या दिवशीचं साउंडहोलमधलं पिक काल पुन्हा हलवून बघितल्यावर एकदाचं पडलं. त्याच्यामागून अजून एक पडलं, टोक पार झिजून गोल झालेलं. ते माझं नाही. गिटार जुनी घेतली होती. त्यानेच वाजवतेय सध्या.