मदत हवी आहे : प्रचाराला आम्ही चालतो, जाहीरनाम्यात नाही

नमस्कार मंडळी. आम्ही बीडकडचे काही एलजीबीटी कार्यकर्ते. जिल्हा परिषदेच्या प्रचारात एकल महिला आणि ऊसतोड कामगारांसोबत घरोघर फिरतोय. बाया ओसरीवर बसवून चहा देतात, रेशनकार्डाचं गाऱ्हाणं सांगतात, तिथं जमतं. अडतंय उमेदवारापाशी. रॅलीत तृतीयपंथी मैत्रिणींना नाचायला बोलावतात, बैठकीचा निरोप मात्र येत नाही! २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातल्या तृतीयपंथी अंजली पाटील यांना महिला जागेवरून लढू दिलं, त्या ग्रामपंचायतीत निवडूनही आल्या. म्हणजे वाट आहे.

अशी मोट कुणी बांधलीय का? उमेदवाराकडून मागण्या लेखी कशा घेतल्या? आणि ज्यांनी आपण एलजीबीटी असल्याचं घरी सांगितलेलं नाही, त्या पोरांना फोटोंपासून लांब ठेवून कोणतं काम द्यावं?