‘बॅक सीट’ला मराठीत काय म्हणावं?

टिपणवही: आयटीआयत फ्रिज-एसीचं काम शिकणाऱ्या मुलांसाठी टिपा मराठीत करतोय. कॉम्प्रेसरच्या सर्व्हिस व्हॉल्वपाशी (गेज म्हणजे दाबमापक लावायचा, लाइन बंद-उघड करायचा व्हॉल्व) अडलोय. त्याच्या ‘बॅक सीट’ या स्थितीला ‘मागे बसवलेला’ म्हटलं तर मुलं व्हॉल्व मशीनच्या मागे शोधतात. आणि व्हॉल्वला ‘झडप’ चालेल का?

गेजवाला: मागे-पुढे सोडा, व्हॉल्वची दांडी कुठे टेकली ते सांगा. उलटी फिरवून पूर्ण बाहेर आणली की गेजचं तोंड बंद, लाइन कॉम्प्रेसरला जोडलेली. मशीन रोज असंच चालतं. हीच बॅक सीट, ‘बाहेर टेकलेली’. सुलटी फिरवून पूर्ण आत नेली की लाइन बंद, गेज कॉम्प्रेसरला उघडा. ही ‘आत टेकलेली’. प्रेशर बघताना बाहेरून पाव ते अर्धा फेरा आत घ्यायची, मग तिन्ही वाटा उघड्या. दांडी ‘अधांतरी’.

शब्दनिष्ठ: ‘टेकलेली’ फार छान. पण झडप का नको? हृदयाच्या झडपा म्हणतोच ना आपण!

कॉपरपाइप: हृदयाची झडप रक्ताच्या दाबानं आपोआप हलते. तशी झडप कॉम्प्रेसरच्या आत आहे, व्हॉल्व प्लेटवरची पातळ पोलादी पट्टी. सर्व्हिस व्हॉल्व पान्यानं फिरवावा लागतो. आता ही चाचणी बघा: सक्शनचा (गॅस आत ओढणाऱ्या बाजूचा) सर्व्हिस व्हॉल्व आत टेकवून मशीन थोडा वेळ चालवायचं, व्हॅक्यूम आला की बंद करायचं. गेज भराभर वर चढला तर डिस्चार्जची (दाबलेला गॅस बाहेर सोडणाऱ्या बाजूची) पट्टी गळतेय. दोन्हींना झडप म्हटलं तर वाक्य होतं ‘सक्शन झडप बंद करून डिस्चार्ज झडप तपासा’. एखादा मुलगा डिस्चार्जचा व्हॉल्वच आवळून बघेल. तो बंद असताना मशीन चाललं तर गॅसला वाट नाही, दाब क्षणात चढतो, गॅस्केट फाटते, व्हॉल्व प्लेट तुटते.

शब्दनिष्ठ: मग बाहेरच्याला ‘तोटी’ म्हणा.

गेजवाला: तोटीतून पाणी बाहेर पडतं, इथे काहीच बाहेर पडता कामा नये. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व आपण कधीचा मराठी करून घेतलाय.

कॉपरपाइप: शिवाय मुलांना घरोघरी स्प्लिट एसी भेटणार. तिथल्या जाड पाइपच्या थ्री-वे व्हॉल्वला बहुधा बॅक सीट नसतेच. गेजच्या तोंडात पिन असते, होज लावला की दबते. पिन झिरपते, म्हणून टोपी घट्ट हवी. टिपांत ‘गॅस लॉक’ही (सगळा गॅस बाहेरच्या युनिटात अडवणं) घ्या: मशीन कूलिंगवर, बारीक पाइपचा व्हॉल्व ॲलन कीनं बंद, गेज शून्याजवळ आला की जाड पाइपचा बंद, लगेच मशीन बंद.

शब्दनिष्ठ: पुस्तकात ‘पंप डाउन’ असतं. कोंडतो आपण गॅस, ‘गॅस कोंडणे’ लिहा.

गेजवाला: कोंडा किंवा लॉक करा, पण शून्याखाली ओढू नका. फ्लेअर (पाइपचा नटाचा जोड) सैल असेल तर हवा आत येते, आणि आर-३२ गॅस हवेसकट दाबला गेला तर कॉम्प्रेसर फुटू शकतो.

टिपणवही: आणि दांडी फिरवण्याआधी जो थोडा सैल करायचा, काम झालं की पुन्हा घट्ट, तो ‘ग्लँड नट’? शब्दकोशात ‘ग्रंथी’ दिलंय.

शब्दनिष्ठ: ग्रंथी नको. दांडीभोवतीचं पॅकिंग आवळतो, ‘आवळनट’ करा.

कॉपरपाइप: अहो, आवळत तर सगळेच नट असतात.