टिकलेलं पुस्तक वाचलेलं असतं का?

बासन (धागाकर्ती)

आजीच्या शिवलीलामृताची पोथी गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली. लाल बासनात गुंडाळलेली, सुट्या आडव्या पानांची. अकराव्या अध्यायाची पानं कडेला तपकिरी पडलीत, कोपरे गळालेत, एका ओळीवर तेलाचा डाग आरपार उतरलाय. बाराव्याची पानं मात्र तशी कोरी करकरीत. आजी रोज अकरावा वाचायची हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी सांगितलं नसतं तरी पोथीनं सांगितलं असतं.

जुन्या काळी मराठी माणूस काय वाचत होता, असं विचारलं की आपण वाङ्मयेतिहास उघडून नावं मोजतो. ती लिहिणाऱ्यांची नावं. माझं म्हणणं थोडं टोकाचं आहे: ग्रंथालयात जे पुस्तक धडधाकट सापडतं ते फारसं वाचलं गेलेलं नसतं, आणि जे घरोघर वाचलं गेलं ते बहुधा उरलेलंच नसतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी ओवीबद्ध पुराण, गोव्यात रायतूरला १६१६ साली छापलं गेलं, मग १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. तीन आवृत्त्या निघाल्या आणि आज त्यांतली एकही छापील प्रत हाती नाही. मला तरी हा वाचकांचाच पुरावा वाटतो.

साष्टीकर

पोथीबद्दल पुढे बोलू, पण गोव्याचं उदाहरण चुकलंय. प्रती हाताळून संपल्या हे कशावरून? १६८४ साली व्हिसेरेईनं, म्हणजे गोव्याच्या पोर्तुगीज राज्यप्रमुखानं, फर्मान काढून बजावलं की तीन वर्षांत सगळ्यांनी देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, तर १५६० पासून बसलेलंच होतं. त्यात आमचा पाऊस आणि वाळवी. हरवलेलं प्रत्येक पुस्तक लोकप्रिय धरायचं ठरवलं, तर ज्याच्या साऱ्या प्रती गोदामात कुजल्या तेही लोकप्रियच ठरेल.

क्रिस्तपुराणाला वाचक होते, हे मलाही मान्य आहे. त्याचा पुरावा मात्र हस्तलिखितांत आहे. १९०७ साली साल्दान्हा यांनी मंगळुरात ते रोमी लिपीत छापलं, ते जपलेल्या हस्तलिखित प्रतींवरून. लंडनला मार्सडेन संग्रहात नागरी लिपीतली प्रत आहे. मूळ छपाई रोमीत झालेली! कुणीतरी बोटं दुखेपर्यंत अकरा हजारांच्या आसपास ओव्या उतरवत बसला. नुसतं जवळ असावं म्हणून एवढे कष्ट कोण घेतो?

तिमाही यादी

डाग आणि वाळवी यांवरून भांडण्यापेक्षा आकडे बघा. १८६७च्या कायद्यानं प्रत्येक छापखान्याला पुस्तकाची प्रत सरकारात द्यावी लागे, आणि दर तीन महिन्यांनी यादी निघे. त्यात नाव, लेखक, छापखाना, पानं, किंमत आणि प्रती किती काढल्या तेही. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिलं तेव्हा अशाच नोंदी हाताशी घेतल्या. छापखानेवाला न खपणारं पुस्तक पदरमोड करून वर्षानुवर्षं छापत नाही. ज्याची आवृत्ती पुन्हा पुन्हा निघते त्याला गिऱ्हाईक आहे.

त्याआधीच्या काळासाठीही धंद्याचाच माग काढा. गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं ते १८४१ साली. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला हात लावेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असं सांगतात. गिऱ्हाईक कोण आहे हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

टाळचिपळी

तुम्ही तिघंही वाचणारा म्हणजे एकटा बसून पान उलटणारा माणूस धरताय. १९०१च्या खानेसुमारीत अख्ख्या हिंदुस्थानात शंभरात जेमतेम पाच साक्षर होते, बायकांत तर शंभरात एकही नाही. तरी पांडवप्रताप, हरिविजय, भक्तिविजय गावोगाव ठाऊक होते. चातुर्मासात देवळात एक जण पोथी लावायचा, अर्थ सांगायचा आणि सारा गाव ऐकायचा. शिवलीलामृत लिहिणाऱ्या श्रीधराची फलश्रुती बघा, वाचणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यालाही पुण्य देते. एका पोथीला दोनशे श्रोते असतील तर छापील प्रतींचा आकडा काय सांगणार? आणि डागही एकट्या वाचणाऱ्याच्या बोटांचे. ऐकणाऱ्यांचा डाग कुठे पडतो?

उंबरठा

शंभरात एकही नाही हे खरं, पण ज्या थोड्या साक्षर होत्या त्या काय वाचत होत्या, हे मला जास्त मोलाचं वाटतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. त्यात त्या मुक्तामाला कादंबरीचा, मनोरमा नाटकाचा समाचार घेतात, या गोष्टींतल्या बायका अशा का रंगवल्या म्हणून लेखकांना जाब विचारतात. वाचनाचा याहून पक्का पुरावा कुठला? तिमाही यादीत मुक्तामालेच्या किती प्रती होत्या त्यावरून बुलढाण्यात बसलेली एक बाई ते वाचून संतापली, हे कधी कळलं असतं का? आणि ताराबाईंना कुणी वाचलं? जोतीराव फुल्यांनी. आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेमध्ये ते त्यांची बाजू घेतात. पुढे पुस्तक विस्मृतीत गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. बासन, तुमच्या नियमानं या पुस्तकाचं काय करायचं?

बासन

गोव्याबाबत मी मागे हटते. 'हरवलं म्हणजे वाचलं' हे म्हणणं उतावीळ होतं, आणि ताराबाईंच्या पुस्तकापुढे तर ते उभंच राहत नाही. पण झिजलेलं पान मी सोडणार नाही. यादी सांगते की पोथी विकली गेली. चौदांतला कुठला अध्याय रोज उघडला, हे यादी कधीच सांगणार नाही.

साष्टीकर

पण रोज तोच अध्याय म्हणणं हे वाचन की नेम? आजीला अकरावा पाठ असणार. पान नुसतं समोर असेल.

बासन

पाठ होता. तरी चष्मा लावल्याशिवाय सुरुवात करायची नाही आणि ओळीवरून बोट फिरवायची. तेलाचा डाग ज्या ओळीवर आहे तिथे ती थांबायची आणि आम्हा पोरांना अर्थ सांगायची. टाळचिपळी, ऐकणाऱ्यांचा डाग विचारलात ना, तो हा.

जुनी वही

मी तालुक्याच्या एका वाचनालयात अकरा वर्षं देवघेव सांभाळली. तुम्ही सगळे ज्यासाठी भांडताय ते आमच्याकडे होतं. जुन्या देवघेवीच्या वह्या, सभासदाचं नाव, पुस्तकाचा नंबर, नेल्याची तारीख, परतीची तारीख. इमारत नवी झाली तेव्हा कार्यकारिणीनं पुस्तकं कपाटांत लावली आणि वह्या किलोवर रद्दीत दिल्या. मी विरोध केला, तर म्हणाले, वह्या कोण वाचणार? एक वही मी पिशवीत घालून घरी आणली. एकच कादंबरी एका घरी दर उन्हाळ्यात गेलेली दिसते, सलग सहा वर्षं. कधी वडिलांच्या नावावर, पुढे सुनेच्या.

तिमाही यादी

ती वही आहे अजून? पानन् पान फोटो काढून ठेवा. सभासदांची नावं झाका, पण तारखा आणि नंबर राहू द्या. वाचनालयाची दाखल नोंदवही शिल्लक असेल तर नंबरावरून पुस्तकाचं नाव लागेल. मी शनिवारी येऊ शकतो.

जुनी वही

दाखलवही आहे. या.