‘तीच बंदूक नवी घ्या की!’ म्हणणाऱ्यांना

जुना_चाप

काल एकांनी लिहिलं: ‘विकलेल्या बंदुकीसाठी हळहळणं म्हणजे भाबडेपणा. त्याच नावाची नवी मिळते, नेमही जास्त अचूक. घ्या आणि विषय संपवा.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

नाव तेच राहतं, वस्तू बदलते. विंचेस्टर मॉडेल ७० रायफल घ्या. १९३६ पासून तिच्या बोल्टवर (काडतूस आत ढकलणाऱ्या, मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यावर) माउझर पद्धतीचा लांब पंजा होता. मॅगझिनमधून काडतूस वर आलं की त्याची कड पंजाखाली सरकायची. त्यामुळे बोल्ट अर्ध्यातून मागे ओढला तरी ते काडतूस पकडीतच राहून बाहेर पडायचं. १९६४ मध्ये खर्च कमी करायला हा पंजा काढला. मग काडतूस नुसतं पुढे ढकललं जायचं आणि बोल्ट पुरता बंद झाला की मगच पकडीत यायचं. घाईत अर्ध्यातून ओढून पुन्हा ढकललात की पहिलं चेंबरात, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घरात, अडकलेलं आणि दुसऱ्याचं टोक त्याच्या बुडावर. दस्त्यावरचं कोरीव चेकरिंग (पकडीसाठीची चौकड्यांची नक्षी) जाऊन साच्याने दाबलेलं आलं, ते वेगळंच. क्रमांक ७,००,००० आणि त्यापुढचा दिसला की ओळखायचं, ही नवी घडण.

विंचेस्टरच्याच मॉडेल ९४ रायफलचंही त्याच वर्षी तेच झालं. काडतूस उचलणारा घडीव तुकडा जाऊन पत्र्याचा आला. मग आधीची विकून ‘तीच’ नवी घेणाऱ्याने हळहळायचं नाही तर काय करायचं?

हिशेबी_नेमबाज

हे १९६४ चं रडगाणं अजून किती दिवस? तो पंजा १९९० च्या दशकात परत आला, आजच्या मॉडेल ७० वरही आहे. पण ते लिहिलं तर गहिवर कमी पडेल ना.

आता जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांनी कोल्ट पायथन रिव्हॉल्वरबद्दलही बोलावं. १९५५ ची रचना. चाप दाबून धरला की सिलिंडर तसूभर हलत नाही, याचं केवढं कौतुक! पण तो हलत नाही, कारण सिलिंडर फिरवणारा छोटा हॅण्ड त्या क्षणी दात्यांवर दाबून बसलेला असतो. हर बाराला तोच झिजतो. झिजला की घोडा पुरता मागे जाऊनही सिलिंडर खाचेत बसत नाही. तपासायला सोपं आहे. रिव्हॉल्वर रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, सिलिंडरला बोटाचा हलका अडसर द्या आणि अंगठ्याने घोडा सावकाश मागे घ्या. घोडा अडकल्यावर सिलिंडर बोटाने आणखी फिरवून ‘टक्’ वाजत असेल तर टायमिंग, म्हणजे घोडा आणि सिलिंडरचा मेळ, गेलं. सहाही घरांना करा, एकावर निकाल देऊ नका. २०२० च्या नव्या पायथनमध्ये आतले भाग कमी केलेत आणि नेम धरायच्या मागच्या साइटखाली पोलाद वाढवलंय. विकली ते बरंच झालं म्हणा.

पेच_पाना

दोघांचंही अर्धं बरोबर. टायमिंग दुरुस्त होतं, पण हॅण्ड ठोकून लांबवणारे हात आता कमी उरलेत.

स्मिथ अँड वेसन मॉडेल १९ रिव्हॉल्वर विकून हळहळणारे तर ढिगाने आहेत. नळीत आडवी पिन, काडतुसाची कड बसायला चेंबरभोवती खाच. १९८२ च्या सुमारास दोन्ही बंद. दिसायला देखणं, पण ताकदीला त्या पिनेचा काडीचा उपयोग नाही. खरी अडचण खाली आहे. नळीचं मागचं तोंड सहाच्या काट्याच्या जागी सपाट तासलेलं असतं, म्हणून भिंत तिथे पातळ. ११० ते १२५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्या सतत वापरल्या की नेमकी तिथेच चीर जाते. १५८ ग्रेनची वापरली तर ती भीती पुष्कळ कमी.

आणि विकलेली बंदूक नशिबाने परत सापडली आणि रंग उडालेला असला, तर सरळ नवं ब्लूइंग (पोलादावरचा काळा-निळा थर) करून घ्या. नव्यासारखी दिसते.

दुनळी

नव्यासारखी?! अहो पेचराव, हा सल्ला वाचून कुणी दुनळी टाकीत बुडवली तर जबाबदारी तुमची का?

गरम ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक आणि नायट्रेटचं द्रावण, १४० अंशांच्या आसपास. दुनळीच्या नळ्या आणि रिब (नळ्यांमधली लांब पट्टी) कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. कॉस्टिक तो डाख खातं. रिब तिथल्या तिथे सुटली नाही, तरी फटीत शिरलेला क्षार महिनोन्‌महिने पाझरून आतून गंज चढवतो. दुनळीला गंजवूनच काळं करायचं असतं. तेलाचा अंश काढा, गंज आणणाऱ्या द्रावणाचा पातळ हात एकाच दिशेने फिरवा, दमट पेटीत काही तास ठेवा. लाल गंज आला की ऊर्ध्वपातित पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, लाल थर काळा होतो. मऊ तारेच्या ब्रशाने भुकटी झाडा आणि हेच सहा ते आठ वेळा. नळाचं पाणी वापरलं की डाग. स्टील वूलचं कारखान्यातलं तेल धुतलं नाही की पुढचा हात तिथे धरतच नाही.

पेच_पाना

दुनळी टाकीत बुडवा असं मी कुठे म्हटलं? विषय रिव्हॉल्वर-रायफलींचा चाललाय.

दुनळी

मग त्यांचंही ऐका. ब्लूइंगच्या आधी बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी, होतं. सैल कापडी चाकावर धरली की स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खचतात, कोपरे गोल होतात, अक्षरं पुसट होतात. संग्राहक आधी तेच बघतो. आणि तुमच्या लाडक्या १९६४ नंतरच्या ९४ ची बॉडी टाकीत घालाच एकदा. ती मिश्रधातू नेहमीचं ब्लूइंग धरत नाही, जांभळट-ठिगळी होते.

पेच_पाना

बफिंगचं मान्य. ९४ चंही. ‘लाडक्या’ हा शब्द परत घ्या.

हिशेबी_नेमबाज

व्वा! म्हणजे जुनी परत मिळाली तरी तिला हात लावायचा नाही, नुसतं बघत बसायचं. याला हळहळ म्हणतात की देव्हारा?

जुना_चाप

मूळ मुद्द्यावर या. ब्राउनिंग ऑटो-५ ही छऱ्यांची बंदूक १९९८ पर्यंत बनत होती. हिच्या जागी नवी ‘ए५’ घ्या म्हणतात. पाठीचा उंचवटा तेवढा सारखा, आतलं यंत्र अगदीच निराळं! जुनीत बार झाल्यावर नळी आणि बोल्ट जोडीने पूर्ण मागे जातात. नवीत नळी जागची हलत नाही. मग ‘तीच’ कशी?

हिशेबी_नेमबाज

बरं बाबा, ऑटो-५ पुरतं मान्य, तेवढंच. पण परत घेणाऱ्याने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ब्राउनिंगचा दस्ता मिठाने वाळवलेल्या अक्रोडाचा नाही ना, हे पाहावं. बाहेरून चकचकीत, लाकडाखालचं पोलाद खाऊन फस्त. बटप्लेटचा (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीचा) स्क्रू काढा. तो गंजलेला असेल तर उघड्या लाकडावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरट दुधी झाला की मीठ आहे, दस्ता बदला.

पेच_पाना

आणि मागे येणाऱ्या नळीला आवरणाऱ्या घर्षणकड्या. निम्म्या ऑटो-५ चुकीच्या मांडणीत सापडतात. जड काडतुसांना पोलादी कडी स्प्रिंगच्या पुढच्या टोकावर, उतरती कड पितळी तुकड्याकडे. हलक्यांना ती कडी काढून स्प्रिंगच्या मागे, बॉडीला टेकवून. हलक्याच्या मांडणीत जड काडतुसं उडवली की पुढचा लाकडी हातधरा तडकतो. मग म्हणायचं, जुनं लाकूडच वाईट.

दुनळी

सोळा बोअरची असेल तर त्याही आधी चेंबर मोजा. युद्धापूर्वीच्या बऱ्याच ६५ मिलिमीटरच्या आहेत. ७० चं काडतूस आत बिनबोभाट बसतं, कारण न उडवलेलं, तोंड दुमडलेलं असल्याने, आखूड असतं. तोंड उघडतं ते पुढच्या निमुळत्या भागात, आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चालतं, असं समजू नका.

हिशेबी_नेमबाज

कशाने मोजायचं, तेही सांगून टाका.

दुनळी

चेंबर गेजने. पट्टीने नव्हे.